तळोज्याची तारीख

मास्क नाकावर ओढून घ्या. ८ नोव्हेंबर २०२०, रविवार. करोनाचं वर्ष आहे, पण तळोज्यात नाक झाकायला करोनाच लागतो असं नाही. एमआयडीसीतल्या रसायनांचा वास वाऱ्याबरोबर लांबवर जातो. तीन वर्षांपूर्वी इथली भटकी कुत्री निळ्या अंगाने फिरताना दिसली होती आणि त्यांचे फोटो जगभर छापून आले होते. रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे आहेत, त्यांच्यावरून गाडी धावायला अजून तीन वर्षं आहेत. पण तुम्ही मेट्रोसाठी आलेला नाहीत. तुम्हाला तळोजा मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीआड जायचंय.

भिंतीबाहेर चॅनेलवाल्यांची झुंबड आहे. अलिबागच्या एका शाळेत थाटलेल्या विलगीकरण केंद्रातून पोलिसांची गाडी इकडे आलीय आणि तिच्यात ‘रिपब्लिक टीव्ही’चे अर्णब गोस्वामी आहेत. जाळीतून ते ओरडून काही सांगतायत, कॅमेरे गाडीमागे धावतायत. तुम्ही पुढे चला. आतल्यांच्या मुलाखती करोनामुळे बंद आहेत. पण काळातून आलेल्या माणसाची झडती होत नाही, आणि संध्याकाळच्या गिनतीतही त्याला कुणी धरत नाही.

आत, कारागृहाच्या दवाखान्यात, ८३ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. फादर स्टॅन स्वामी. झारखंडातल्या आदिवासींच्या जमिनीच्या प्रश्नावर आयुष्य घालवलेले जेझुइट. महिन्यापूर्वी, ८ ऑक्टोबरला, एनआयएने त्यांना रांचीहून उचललं. बंदी असलेल्या भाकप (माओवादी) पक्षाशी संबंध, असा आरोप. ते आरोप नाकारतात. त्यांना कंपवात आहे. पेला हातात धरला की पाणी तोंडापर्यंत पोचत नाही, वाटेतच सांडतं. जेवताना अरुण फरेरा मदत करतात, अंघोळीला व्हर्नन गोन्साल्विस. हे दोघंही त्याच एल्गार परिषद खटल्यातले आरोपी. परवा, ६ नोव्हेंबरला, स्टॅन स्वामींच्या वतीने मुंबईच्या विशेष न्यायालयात एक अर्ज गेलाय. मागणी एवढीच की स्ट्रॉ आणि सिपर मिळावा.

थोडं थांबा इथे. एकाच भिंतीआड या आठवड्यात दोन माणसं आहेत, आणि दोघांचीही माणसं बाहेर सांगतायत की आमच्या माणसाला त्याच्या बोलण्यापायी आत टाकलंय. दोघांचे राजकीय विचार एकमेकांना छेद देणारे. गोस्वामींवरचा गुन्हा कागदोपत्री भाषणाचा नाही. अलिबागमधल्या २०१८च्या आत्महत्या प्रकरणातला, प्रवृत्त केल्याचा आहे. चॅनेलवरून सरकारवर केलेल्या टीकेचा हा सूड आहे, असं त्यांचं म्हणणं. कोण खरं, कोण खोटं हे ठरवायला आपण आलेलो नाही. फक्त घड्याळ बघा.

गोस्वामींना अटक ४ नोव्हेंबरला. ९ तारखेला मुंबई हायकोर्ट अंतरिम जामीन नाकारतं. ११ तारखेला, बुधवारी, सर्वोच्च न्यायालय तो देतं आणि त्याच संध्याकाळी ते तळोज्याच्या फाटकाबाहेर गाडीतून हात उंचावून उभे राहतात, भोवती घोषणा. सात दिवस झालेत. पुढे त्या आदेशाची कारणं देताना सर्वोच्च न्यायालय लिहील की स्वातंत्र्य एक दिवस जरी हिरावलं तरी तो एक दिवस जास्तच. याहून सरळ वाक्य आपल्या कायद्यात मी तरी वाचलेलं नाही.

आणि स्ट्रॉ? २६ नोव्हेंबरला एनआयए न्यायालयाला सांगते की आम्ही असा काही स्ट्रॉ-सिपर जप्त केलाच नव्हता, मग परत कुठून देणार. एवढं उत्तर यायला वीस दिवस गेले. तोवर लोकांनी पोस्टाने तळोज्याला सिपर पाठवायला सुरुवात केलीय.

राज्यघटनेचं कलम १९ तुम्ही शाळेत वाचलंय. १९(१)(क) भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं आणि १९(२) त्याला कुंपण घालतं. देशाची सार्वभौमता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता आणि नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. आपल्याकडच्या चर्चा या यादीवर होतात. कुठला शब्द कुंपणाच्या अलीकडचा, कुठला पलीकडचा. तळोज्यात उभं राहिल्यावर वेगळंच काहीतरी दिसतं. शब्द कुंपणाच्या कुठल्या बाजूला पडला हे न्यायालय सांगेल तेव्हा सांगेल, तोपर्यंत बोलणारा माणूस कुठे असतो? घरी की बरॅकीत? माझ्या मते आपल्या बोलण्याची खरी मर्यादा या प्रश्नाच्या उत्तरात आहे. आणि ती दिवसांत मोजता येते.

मोजायची तर मागे जावं लागेल.

२७ जुलै १८९७ची रात्र. मुंबईत टिळकांना अटक झालीय. महिन्यापूर्वी पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याच्या आठवडाभर आधी ‘केसरी’त शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आणि शिवजयंती उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त छापून आला होता. कलम १२४-अ, राजद्रोह. तुम्ही जामिनाच्या अर्जामागे चला. मॅजिस्ट्रेट नाकारतो. अर्ज हायकोर्टात दोन न्यायमूर्तींपुढे जातो, तेही नाकारतात. त्या दोघांतले एक महादेव गोविंद रानडे आहेत, हे जरा मनात ठेवा. टिळकांचे वकील तिसऱ्यांदा अर्ज घेऊन उभे राहतात, या खेपेला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींसमोर. ४ ऑगस्टला जामीन मंजूर. वकिलांचं नाव दिनशा दावर. हेही मनात ठेवा, कारण हे गृहस्थ पुन्हा भेटणार आहेत.

म्हणजे आरोप राजद्रोहाचा, वातावरणात गोऱ्या अधिकाऱ्याच्या खुनाची दहशत, आणि माणूस आठ दिवसांत बाहेर. ८ सप्टेंबरला खटला उभा राहतो. १४ तारखेला न्यायमूर्ती स्ट्रेची ज्यूरीला समजावतात की सरकारबद्दल प्रेम नसणं हीच अप्रीती. तुम्ही ज्यूरीच्या बाकांकडे बघा. सहा युरोपियन, तीन हिंदी. निकालही तसाच फुटतो, सहा विरुद्ध तीन. दीड वर्षाची सक्तमजुरी. अटकेपासून निकालापर्यंत ४९ दिवस.

इथे इंग्रजांची आरती ओवाळायची नाही. न्याय वेगाने झाला, कारण तो आधीच ठरलेला होता. पुढच्याच वर्षी, १८९८मध्ये, सरकारने स्ट्रेचीचा तो अर्थ कायद्यातच लिहून घेतला आणि सोबत एक नवं कलम आणलं, १५३-अ, समाजगटांमध्ये वैर पसरवण्याबद्दल. त्या कलमाकडे आपण परत येऊ. तूर्त येरवड्याच्या तुरुंगात डोकावून जा. टिळकांसमोर ऋग्वेद उघडा आहे. ऑक्सफर्डहून मॅक्स म्युलरने स्वतःच्या संपादनाची प्रत पाठवलीय आणि ती कोठडीपर्यंत पोचलीय. पुढे दुसरं एक पुस्तक येईल तेव्हा हे आठवा.

आता जुलै १९०८. तीच हायकोर्टाची इमारत. बाहेर बंदोबस्त आहे, गिरण्यांमधून उठलेली माणसं ठिकठिकाणी घोळक्याने उभी आहेत. तुम्ही जिना चढून दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात या आणि मागे जागा धरा, कारण इथे बराच वेळ बसायचंय. एप्रिलच्या शेवटी मुझफ्फरपूरला बाँब फुटला. ‘केसरी’ने मे आणि जूनमध्ये त्यावर अग्रलेख लिहिले, ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. सूर असा की बाँब वाईटच, पण तो हातात का आला याचं उत्तर सरकारच्या दडपशाहीत आहे. २४ जूनला सरदारगृहात अटक.

न्यायासनावर कोण बसलंय ते पाहिलंत? दिनशा दावर. अकरा वर्षांपूर्वी ज्यांनी टिळकांना जामीन मिळवून दिला तेच आता न्यायमूर्ती आहेत, आणि जामिनाचा अर्ज घेऊन आलेल्या बॅरिस्टर महंमद अली जिनांना त्यांनी नुकताच नकार दिलाय. जामीन मिळवताना कुठले मुद्दे मांडावे लागतात हे त्यांच्याइतकं या दालनात कुणाला ठाऊक होतं? नकाराची कारणंही त्यांनी विस्ताराने सांगितली नाहीत. खटल्यावर परिणाम होऊ नये म्हणून.

टिळक स्वतःच बाजू मांडतायत. १५ जुलैला बोलायला लागलेला माणूस २२ तारखेपर्यंत बोलतोय, मधले सुटीचे दिवस सोडून. सगळे तास धरले तर एकवीस तास आणि दहा मिनिटं. तुम्ही मधेच उठून पाय मोकळे करून आलात तरी ते बोलतच आहेत. ‘पायोनियर’सारखी गोऱ्यांची पत्रं काय काय छापतात ते वाचून दाखवतायत. इंग्लंडातले जुने खटले काढतायत. ज्यूरीला सांगतायत की वर्तमानपत्राच्या स्वातंत्र्याचे राखणदार तुम्ही आहात, न्यायाधीश नव्हे. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी आहेत. ज्या मराठी लेखांवरून माणसाला शिक्षा द्यायची ते बहुतेकांना भाषांतरातूनच कळणार. ॲडव्होकेट जनरल ब्रॅन्सन त्या लांबलचक भाषणाची टर उडवतो. दावर मात्र ते थांबवत नाहीत. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखी एवढी एक गोष्ट आहे आणि ती मी सांगणार.

२२ तारखेची रात्र. दिवे लागलेत. नऊ वाजून गेल्यावर ज्यूरी परत येते. सात विरुद्ध दोन, दोषी. टिळक उभे राहतात. ज्यूरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे असं सांगतात, आणि या न्यायासनाहून वरच्या शक्तीचा हवाला देतात. ते शब्द पुढे याच दालनाबाहेर संगमरवरावर कोरले जातील. दावर त्यांच्या बुद्धीला विकृत म्हणतात. सहा वर्षं काळं पाणी, हजार रुपये दंड. त्याच रात्री खास गाडीने त्यांना साबरमतीला हलवतात, तिथून पुढे मंडालेला. मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद राहतात.

अटकेपासून निकालापर्यंत २८ दिवस.

मंडालेत गेलात तर १९१०-११च्या हिवाळ्यात टिळक पेन्सिलने लिहीत बसलेले दिसतील. वह्या बांधलेल्या, पानांवर आकडे घातलेले, एक पान फाडलं तरी कळावं अशी व्यवस्था. शाई नाही. तरी शेकडो पुस्तकं जवळ आहेत आणि ‘गीतारहस्य’ तयार होतंय. दीडेक वर्षाने सत्यभामाबाई पुण्यात वारल्याची तार इथे येईल. तुरुंग तो तुरुंगच. पण राज्यकर्त्यांना आपण या माणसाला नेमकं कशासाठी आणि किती वर्षं ठेवलंय हे सांगता येत होतं, आणि त्यालाही सुटकेची तारीख ठाऊक होती.

त्या १५३-अ कलमाचा हात धरून पुढे या. ३१ डिसेंबर २०१७, पुणे, शनिवारवाडा, एल्गार परिषद. उद्या भीमा कोरेगावच्या लढाईला दोनशे वर्षं पूर्ण होतायत. मैदानात निळे झेंडे आहेत, मंचावर कबीर कला मंचाचे कलाकार डफ घेऊन उभे आहेत. प्रकाश आंबेडकर, जिग्नेश मेवाणी, राधिका वेमुला, उमर खालिद यांची भाषणं. परिषद आम्हीच बोलावली होती असं निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि बी. जी. कोळसे पाटील पुढे वारंवार सांगतील. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावच्या परिसरात दगडफेक, जाळपोळ, एका तरुणाचा मृत्यू. ८ जानेवारीला विश्रामबाग पोलीस ठाण्यात परिषदेतल्या गाण्या-भाषणांविरुद्ध गुन्हा नोंदवला जातो. त्यातलं एक कलम १५३-अ. विश्रामबागहून केसरीवाडा चालत जाण्याइतका जवळ आहे.

इथवरचा गुन्हा भाषणाचा होता. १५३-अला कमाल शिक्षा तीन वर्षांची. मग मे महिन्यात त्याला यूएपीएची, म्हणजे बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्याची, कलमं जोडली जातात, ६ जूनला पाच जणांना अटक होते. ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे, नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग, प्राध्यापक शोमा सेन, गडचिरोलीत काम करणारे महेश राऊत, दिल्लीचे रोना विल्सन. मग ऑगस्टमध्ये आणखी, मग २०२०मध्ये एनआयए आणि आणखी, सगळे मिळून सोळा. तपास यंत्रणेचं म्हणणं की परिषदेमागे माओवाद्यांचा पैसा आणि कट होता, आरोपींच्या संगणकांतली पत्रं तसं सांगतात. आरोपींचं म्हणणं की ती पत्रं बाहेरून घुसवलेली आहेत. दोन्ही म्हणणी खटल्यात तपासायची आहेत. खटला चालला तर.

तो लवकर चालवायची घाई का नाही, हे कळायला दिल्लीत दोनदा डोकावू.

मे १९५१, संसद. मुंबईहून निघणाऱ्या रोमेश थापर यांच्या ‘क्रॉस रोड्स’वर मद्रास सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने वर्षापूर्वी उठवली, म्हणून घटनेतच पहिली दुरुस्ती येतेय. सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्री, गुन्ह्याला चिथावणी ही कारणं १९(२)मध्ये घालायची आहेत. बाजू मांडायला कायदामंत्री उभे आहेत, डॉ. आंबेडकर. हेच आंबेडकर १९३४ साली मुंबईत र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’साठी वकील म्हणून लढले होते आणि हरले होते. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला होता. मग आज ते कुंपणाच्या बाजूने कसे? त्यांचं उत्तर सरळ आहे. अमेरिकेत असली बंधनं न्यायाधीश स्वतःच वाचून घेतात, आपल्या न्यायालयाने तसं करायला नकार दिला, म्हणून ती लिहावी लागतात. आणि लिहिताना एक अटही घातली जाते की बंधन वाजवी हवं, ते वाजवी आहे की नाही हे न्यायालय ठरवेल. मला यात विसंगती दिसत नाही. ज्याने कोर्टात हरून पाहिलंय त्याचा कोर्टावर एवढा भरवसा असावा, याचं मात्र नवल वाटतं.

न्यायालयांनी तो भरवसा वेळेत पाळला असं म्हणवत नाही. ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ आली, अश्लीलतेचा खटला झाला, सुटका सर्वोच्च न्यायालयात १९६९ साली. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता एका बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात १९९४मध्ये छापली गेली, आणि तिच्यासाठी कुणी खटल्याला उभं राहायचं हे सर्वोच्च न्यायालयात ठरायला २०१५ उजाडलं. संपादकाला मोकळं केलं, कवीला नाही. म्हणजे दिरंगाई आपल्या हाडीमाशी आहे. फरक एवढाच की सात वर्षं काय, एकवीस वर्षं काय, ही मंडळी आपापल्या घरी होती. तारीख पडली की कोर्टात जायचं, परत येऊन जेवायचं.

आता डिसेंबर २००८. पुन्हा संसद. मुंबईवरचा हल्ला होऊन महिनाही झालेला नाही, १६६ माणसं गेलीत, सभागृहात कुणालाही मवाळ दिसायचं नाही. एनआयएची स्थापना आणि यूएपीएतली दुरुस्ती हातात हात घालून मंजूर होतात. तुम्ही कलम ४३-ड, पोटकलम ५ शोधा. आरोपपत्र आणि केस डायरी वाचून आरोप सकृतदर्शनी खरा वाटला तर जामीन द्यायचा नाही, असं ते म्हणतं. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालय त्याचा अर्थ आणखी आवळतं, जामिनाच्या वेळी पुराव्याची फार चिकित्सा करू नका म्हणून. फिर्यादीची बाजू एकदा कागदावर आली की ती पुसायला खटलाच लागतो, आणि खटला कधी उभा करायचा याला मुदत नाही. दहशतवाद्यांसाठी हे कलम हवंच, असं तेव्हा वाटलं असेल. मलाही त्या दिवसांत तसंच वाटत होतं. पण कलमाला माणूस ओळखता येत नाही.

चला, पुन्हा तळोजा. डिसेंबर २०२०. पत्रकार गौतम नवलखांचा चष्मा आत हरवलाय, त्याशिवाय त्यांना जवळजवळ दिसत नाही. घरच्यांनी नवा पोस्टाने पाठवला, पार्सल घेतलं गेलं नाही. हायकोर्ट माणुसकीची आठवण करून देतं आणि तुरुंग अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्या म्हणतं. दीड वर्षाने याच नवलखांना पाठवलेलं पी. जी. वुडहाऊसचं विनोदी पुस्तक सुरक्षेला धोका म्हणून नाकारलं गेल्याचं एप्रिल २०२२मध्ये हायकोर्टात सांगितलं जातं. न्यायमूर्ती थक्क होतात, हे तर हास्यास्पद आहे म्हणतात, वुडहाऊसवरून पु. लं.चं नावही निघतं. तुम्हाला येरवड्यातला ऋग्वेद आठवला असेल. मला त्याहून जास्त आश्चर्य याचं वाटतं की विनोदी पुस्तकाचं प्रकरण हायकोर्टापर्यंत न्यावं लागलं आणि कुणालाही त्याची लाज वाटली नाही.

जुलै २०२१मध्ये थोडं थांबायला हवं. स्टॅन स्वामी आता तळोज्यात नाहीत. हायकोर्टाच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवलंय. ५ तारखेला त्यांच्या जामिनाची सुनावणी चालू होते आणि रुग्णालयाचे डॉक्टर न्यायालयाला कळवतात की रुग्ण दुपारी गेला. त्यांनी लिहिलेलं, बोललेलं कुंपणाच्या कुठल्या बाजूचं होतं, हे आता कुणीच ठरवणार नाही. आरोपी मेला की खटला त्याच्यापुरता संपतो.

२६ नोव्हेंबर २०२२. संविधान दिन. कारागृहाच्या फाटकातून आनंद तेलतुंबडे बाहेर येतायत. आयआयटीत शिकवलेले, जातीच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिलेले, आंबेडकरांच्या नातीचे पती. ते एनआयएकडे हजर झाले होते १४ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे आंबेडकर जयंतीला. या तारखा जुळवायला कुणी लेखक बसला असता तर संपादकाने खोडल्या असत्या. हायकोर्टाने जामीन देताना म्हटलं की त्यांनी दहशतवादी कृत्य केल्याचा सकृतदर्शनी पुरावा दिसत नाही. एवढं वाक्य मिळायला अडीच वर्षांहून जास्त काळ गेला.

पुढचे दरवाजे एकेक करून उघडत जातात, पण प्रत्येकाची किल्ली वेगळी. नवलखांना आधी बेलापुरात नजरकैद मिळते, बाहेर पोलीस, आणि त्या बंदोबस्ताचं बिल त्यांच्याच नावावर. एनआयए दीड कोटींहून जास्त रक्कम सांगते. १४ मे २०२४ला सर्वोच्च न्यायालय जामीन कायम करताना वीस लाख भरायला लावतं. स्वतःच्या कैदेचा खर्च कैद्याने भरायची ही पद्धत मंडालेतही नव्हती. व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरांच्या वेळी, २८ जुलै २०२३ रोजी, न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस आणि सुधांशू धुलिया स्पष्ट लिहितात की हिंसेचा पुरस्कार करणारं साहित्य नुसतं घरात सापडणं हे दहशतवादी कृत्य होत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याला हा निकाल अभिव्यक्तीचा विजय वाटेल आणि तो आहेही. दोघंही तोवर जवळजवळ पाच वर्षं आत होते. मर्यादा कुठे आहे ते कळलं, पण ती ओलांडलीच नव्हती असं म्हणायला कोर्टाला जितका वेळ लागला तितकी शिक्षा भोगून झाली होती.

८ जानेवारी २०२५. पुन्हा मुंबई हायकोर्ट. रोना विल्सन आणि सुधीर ढवळेंना जामीन मिळतो. कारण त्यांच्या लिखाणाचं नाही, विचारांचंही नाही. २०१८पासून आत आहेत, तीनशेहून जास्त साक्षीदार आहेत, आरोपनिश्चितीसुद्धा झालेली नाही, खटला नजीकच्या काळात संपणार नाही, एवढंच. या इमारतीत एका माणसाला एकवीस तास बोलू देऊन अठ्ठाविसाव्या दिवशी शिक्षा ठोठावली होती. इथल्या दोघांना साडेसहा वर्षांत ज्यूरी नाही, साक्षीदार नाही, बोलायची वेळच आली नाही.

यावर उपाय आहे आणि तो अवघडही नाही. भाषणाच्या गुन्ह्यात जामीन हा नियम धरावा, आणि सरकारला एखाद्याला आत ठेवायचंच असेल तर खटला ठरावीक महिन्यांत उभा करावा, नाहीतर सोडावं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये यूएपीएच्याच एका प्रकरणात प्रदीर्घ कैद हे जामिनाचं कारण मानलं, पण किती वर्षं म्हणजे प्रदीर्घ, हे ज्याच्या-त्याच्या न्यायमूर्तींवर सोडलं. तारखेचा आकडा विधिमंडळाने घालायचा असतो.

तुम्ही मुंबईतच आहात तर विधान भवनात एक चक्कर टाका. १० जुलै २०२५, पावसाळी अधिवेशन. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक पटलावर आहे. हजारोंनी हरकती-सूचना आल्या होत्या, संयुक्त समितीने मसुदा बदलला, आता तो कडव्या डाव्या संघटनांपुरता आहे आणि साध्या विरोधाला त्याची झळ लागणार नाही, असं सरकार सांगतंय. आवाजी मतदान होतं, माकपचे विनोद निकोले यांच्या विरोधाखेरीज विधेयक सरळ पार पडतं. बेकायदा कृत्याची व्याख्या किती लांब-रुंद आहे यावर उद्याच्या वर्तमानपत्रांत रकाने भरतील. प्रत हातात आलीच आहे तर ती पानं नंतर वाचा. आधी गुन्ह्याचं स्वरूप सांगणारं कलम काढा: दखलपात्र आणि अजामीनपात्र.